चव्वेचाळिसावा चौकोन

हार्डविक जिल्ह्यात लग्न ठरलं की मुलीला चर्चच्या आधी इतिहास मंडळात आणत. मंडळाचं संग्रहालय जुन्या रेल्वे स्टेशनात होतं. गाड्या बंद होऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, पण तिकिटाच्या खिडकीची जाळी अजून जागच्या जागी होती, आणि जिथे पूर्वी प्रवासी ताटकळत बसायचे त्या भिंतीवर ‘नवरीची चादर’ टांगलेली होती. अकरा रांगा, रांगेत चार, असे चव्वेचाळीस चौकोन एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येकावर लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, दोन अक्षरं आणि एक आकडा. जी. एच. १७. टी. पी. ३१. नवरीने आपली अक्षरं शोधायची आणि त्यांच्यावर बोट टेकवायचं, म्हणजे संसार सुखाचा होतो. सापडली नाहीत तरी हरकत नव्हती. शेवटचा चौकोन कोरा होता, तो अशाच मुलींसाठी. मग फोटो, मग चहा.

अक्षरं सापडायचीही पुष्कळदा. ह्या लोकांचे वाडवडील जर्मनीच्या समुद्रकाठच्या दलदलीतून आयोवात आले. येताना नावं मोजकीच आणली, आणि तीच काटकसरीने वापरली. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. त्यामुळे दर दोन पिढ्यांनी तेच माणूस पुन्हा जन्माला आल्यासारखं वाटे. आणि कापडावर लाल अक्षरं घालण्याचं म्हणाल तर ते घरोघरी होतं. रुखवतातल्या प्रत्येक टॉवेलवर, उशीच्या अभ्र्यावर मुलीची अक्षरं नि ते कितवं कापड तो आकडा असायचाच. म्हणून चादरीवरच्या आकड्यांचं कुणाला नवल वाटलं नाही. शिवाय अल्माबाईंचं कार्ड होतं.

अल्मा फोल्केर्ट्‌स म्हणजे मंडळाच्या संस्थापक. शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही, आणि एकोणीसशे सत्तावन्न साली त्यांनी ही चादर मिळवली. कार्डावर त्यांनी टाइप केलं होतं: ‘नवरीची चादर. शेजारच्या त्रेचाळीस घरांनी आपापल्या कापडाचा एकेक तुकडा दिला. शेवटचा चौकोन नवरीसाठी कोरा.’ अल्माबाईंचं कार्ड म्हणजे दगडावरची रेघ. मंडळाचा सध्याचा अध्यक्ष डेल्विन आयलर्स तर ती कार्डं बायबलच्या खालोखाल मानायचा. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता, आणि जगातली प्रत्येक वस्तू परीक्षेला बसलेली आहे अशा नजरेने बघायचा. अध्यक्ष झाल्यावर त्याने पहिली सुधारणा केली ती ही, की नवरीने बोट टेकवण्याआधी पांढरा हातमोजा घालायचा.

मंडळाची चिटणीस होती सिस. वय चौऱ्याहत्तर. बाप्तिस्म्याचं नाव फोल्का, माहेरची उबेन, पण अख्खा जिल्हा तिला सिस म्हणायचा. सिस म्हणजे नुसतं ‘ताई’. आणि तिला ताई म्हणावं असं मागे भावंड तर एकही नव्हतं. हे नाव बापाने पाडलेलं. रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला त्याने आपल्या आईचं नाव दिलं खरं, पण दिलं ते कागदावर. जन्मात एकदाही ‘फोल्का’ अशी हाक त्याच्या तोंडून निघाली नाही.

कारण बापाची आई त्याला टाकून गेली होती. तो सहा वर्षांचा असताना, एकोणीसशे अठरा सालच्या शरदात. जर्मनीला परत गेली, इथे तिचं मन रमलं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. हार्म उबेन पंच्याऐंशी वर्षं जगला आणि रोज दुपारी पत्रपेटीपर्यंत चालत जाऊन आला. आईबद्दल चकार शब्द बोलला नाही. सिसने मात्र पिच्छा सोडला नाही. जर्मनीतल्या चर्चच्या कचेऱ्यांना ती तीस वर्षं पत्रं लिहीत होती. उत्तरं यायची, सभ्य आणि रिकामी. लोक आपल्या पणज्याखापरपणज्या शोधायला सिसकडे यायचे, सिस त्या शोधून द्यायची, आणि ते गेल्यावर म्हणायची, “दुसऱ्यांची अख्खी गावं शोधून दिली मी. माझी एक बाई सापडली की मरायला मोकळी.”

त्या सप्टेंबरात जिल्हा बोर्डाचं पत्र आलं. गावाच्या पूर्वेला सरकारी शेत होतं. ज्यांना कुणी नाही, किंवा ज्यांचे असून नसल्यासारखे आहेत, अशा म्हाताऱ्यांना, आंधळ्यांना, वेड्यांना पूर्वी जिल्हा तिथे ठेवायचा, राबवायचा, आणि मेल्यावर तिथेच कोपऱ्यात पुरायचा. अठरा सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ते कोपऱ्यातलं पुरणं सुरू झालं. थडगी कसली, गवतात त्रेचाळीस सिमेंटचे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर नुसते आकडे. नावांचं रजिस्टर कोर्टाच्या आगीत जळालेलं. बोर्डाचं म्हणणं असं, की गवत कापायच्या यंत्राची पाती ठोकळ्यांवर मोडतात. सबब ठोकळे उपटून फाटकाशी एकच सामाईक दगड उभा करावा. ‘ज्या आकड्यांचा अर्थ जिल्ह्यात कुणालाही सांगता येत नाही, ते राखण्यात हशील नाही. मंडळाकडे काही पुरावा असल्यास महिन्याच्या आत दाखवावा.’ खाली सही लोरेन माइंट्‌सची.

“ह्याला मी शिकवलंय,” डेल्विन म्हणाला. “तेव्हाही असंच एका ओळीत उत्तर लिहायचा.”

मोजणीला तिघं गेली. डेल्विन टेप घेऊन, सिस वही घेऊन, आणि टांटे ट्रेना तिच्या तारा घेऊन. टांटे म्हणजे मावशी. सत्त्याऐंशी वर्षांची ट्रेना पोपेन सगळ्या जिल्ह्याची टांटे होती. जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे असतात, तशी टांटे जमिनीतली माणसं सांगायची. कपड्यांच्या हँगरच्या दोन तारा काटकोनात वाकवून ती सैल मुठीत धरायची आणि हळूहळू चालायची. खाली थडगं असलं की तारा एकमेकींवर येऊन फुली व्हायची. अमेरिकेतल्या निम्म्या इतिहास मंडळांत असं एखादं माणूस असतं, आणि उरलेल्या निम्म्यांत ते नाकारणारा एक डेल्विन.

टांटेने चारदा फेरी मारली आणि कुंपणाजवळ थांबली. तिथे नुसतं गवत होतं.

“ठोकळे त्रेचाळीस,” ती म्हणाली, “माणसं चव्वेचाळीस.”

“वाऱ्याने हलल्या असतील तारा.”

“वारा तुझ्या डोक्यात शिरलाय, डेल्विन.”

“टांटे, मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय.”

“म्हणून तर पोरं सगळी शेतीत गेली.”

सिस हसली आणि वहीत ‘४३’ लिहून पुढे बारीक ‘४४?’ लिहिलं. कुंपणापलीकडे मका वाळून पिवळा पडला होता. ते शेत तिच्या बापाने चाळीस वर्षं खंडाने केलेलं. “बाबा इथेच ट्रॅक्टर वळवायचे,” ती म्हणाली, कुणाला असं नाही, आणि तिघंही गाडीकडे निघाली.

पुढचे तीन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी. जनगणनेचे कागद, चर्चची पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं, कशातच त्या आकड्यांचा माग लागेना. जनगणनेत सरकारी शेतावरची माणसं इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनाने कानाला येतील तशी उतरवलेली, त्यामुळे कोण कुठल्या घरचं ते त्यांच्या आईलाही ओळखू आलं नसतं. शेवटी सिसने कंटाळून, हाताला काही काम हवं म्हणून, नवरीची चादर उतरवायला घेतली. तिचं अस्तर पिवळं पडलं होतं आणि डाग पुढच्या बाजूला यायला लागले होते. डेल्विनने त्यासाठी रीतसर ठराव केला, हातमोजे घातले आणि चादर मोठ्या टेबलावर पालथी करून ठेवली. टांटेने चहा केला. कपात खडीसाखरेचा खडा, वर गरम चहा, खडा तडकल्याचा आवाज, मग काठाने सोडलेली साय, आणि चमच्याने ढवळायचं नाही. तीन कप प्रत्येकाचा हक्क. पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवायचा.

सिस डाव्या हाताने कात्री धरून अस्तर उसवत गेली. ती डावखुरी. शाळेत मास्तरीणबाईंनी तो हात बाकाला बांधला होता तेव्हा हार्म उबेन कामाच्या कपड्यांनिशी शाळेत जाऊन भांडला होता. जन्मभरात तो तिच्या शाळेत गेला तो तेवढाच.

अर्धं अस्तर निघालं तशी टांटे वाकली. “अगंबाई. ही मागची बाजू आहे?”

ह्या लोकांत कापडाची पुढची बाजू कुणी पाहतच नाही. मुलीची परीक्षा मागच्या बाजूवर. ती पुढच्यासारखीच स्वच्छ हवी, गाठ दिसता कामा नये. इथे तर ह्या फुलीवरून त्या फुलीवर धागे उड्या मारत गेले होते, आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी चण्याएवढी गाठ.

“माझ्या आईने हे पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती,” टांटे म्हणाली.

सिसने पुढचा चौकोन पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. तीच गाठ. तशाच उड्या. तिने कात्री खाली ठेवली. “डेल्विन, त्रेचाळीस घरांतल्या त्रेचाळीस बायका, आणि सगळ्यांची मागची बाजू एकसारखी घाण?”

“म्हणजे?”

“म्हणजे हे एकाच बाईचं काम आहे. आणि हे रुखवताचं कापडही नव्हे. हात लावून बघ. एप्रनाचं जाडंभरडं आहे. हे दुसरं शर्टाचं.”

डेल्विनने भिंग काढलं. मग त्याने सिसचा हात धरून एका चौकोनाच्या कडेला नेला. शिवणीत अर्धा गेलेला, धुऊन धुऊन फिका झालेला निळा शिक्का होता. अक्षरं उलटसुलट झिजलेली, पण तीन चौकोनांवरची तीन जोडली की वाचता येत होती. हार्डविक जिल्हा. सरकारी शेत.

टेबलावर दुपारचं ऊन आडवं पडलं होतं आणि त्या उन्हात ते सगळे चौकोन मांडल्यासारखे पडले होते. तीन माणसं साठ वर्षं जी चादर बघत आली होती ती त्यांनी त्या घटकेला पहिल्यांदा पाहिली. एक ते त्रेचाळीस. एकही आकडा दोनदा नाही, एकही गळलेला नाही. प्रत्येक मेलेल्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा, त्याची दोन अक्षरं, आणि गवतातल्या त्याच्या ठोकळ्याचा आकडा. आगीत जळालेलं रजिस्टर हे असं भिंतीवर टांगलेलं होतं, आणि जिल्हा त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढत होता.

डेल्विन खुर्चीत बसला. “पण अल्माबाईंनी तर लिहिलंय...”

“हे अस्तर कुणी लावलं?” टांटेने विचारलं.

अस्तर अल्माबाईंनीच लावलं होतं. कार्डाच्या पाठीवर तशी नोंद होती. म्हणजे अल्माबाईंनी शिक्के पाहिले होते. सगळं पाहिलं होतं, आणि वर पांढरं कापड शिवून टाकलं होतं. डेल्विनचा चेहरा देव चोरी करताना सापडावा तसा झाला.

“खोटं लिहिलं त्यांनी,” तो म्हणाला.

“लिहिलं,” टांटे म्हणाली. “खरं लिहून सत्तावन्न साली ही चादर टांगली असती, तर रात्रीत जाळली असती आपल्या लोकांनी. कुणाच्या घरचं माणूस सरकारी शेतावर मेलं हे कबूल कोण करणार? आपल्या लोकांना माफी मागायला सांगितलं तर रागावतात. शकुन म्हटलं की रांग लावतात.” तिने चादरीवरचा दोरा झटकला. “जन्मभर ज्यांना कुणी हात लावला नाही, त्यांना ह्या बयेने साठ वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक नवरीचा हात लावून घेतला.”

“हा तुझा तर्क झाला,” डेल्विन म्हणाला. पण हातमोजे काढून त्याने नाक पुसलं.

सिसचं ह्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती शेवटच्या, कोऱ्या चौकोनाकडे बघत होती. सदुसष्ट साली तिच्या लग्नाच्या आधी बाप तिला इथे घेऊन आला होता. तिने एफ. यू. शोधलं, सापडलं नाही. तेव्हा बापाने तिचा डावा हात धरून बोट ह्या चौकोनावर नेलं होतं. “इथं टेकव,” म्हणाला होता, आणि बाहेर जाऊन गाडीत बसला होता.

“हा कुणाचा मग?” तिने विचारलं.

“जिने शिवली तिचा,” टांटे म्हणाली. “सगळ्यांचे आकडे तिने घातले. तिचा कोण घालणार? चव्वेचाळिसावी ती.”

डेल्विनने मान वर केली. मग सिसची वही ओढून त्याने ‘४४?’ मधलं प्रश्नचिन्ह खोडलं.

सिस पुन्हा त्या पालथ्या टाक्यांवर वाकली. फुलीत दोन टाके असतात, एक खालचा, एक वरचा. आपल्याकडच्या सगळ्या बायकांचा वरचा टाका एकाच बाजूला झुकतो. इथे सगळे उलट्या बाजूला झुकलेले. ही मागची बाजू, ती चण्याएवढी गाठ... कुठेतरी पाहिली आहे. नाही, पाहिली नाही, बोटांना लागली आहे. इस्त्री करताना. तिने चमचा कपात उभा केला, पर्स घेतली, आणि निघून गेली. पहिल्याच कपाला.

“हिला काय झालं?” डेल्विन म्हणाला. टांटेने सिसचा कप बशीने झाकला.

अर्ध्या तासाने सिस परत आली ती छातीशी एक टॉवेल धरून. जुना, जवसाच्या धाग्याचा, कोपऱ्यात लाल एफ. यू. ६. बाप त्यात आपला दाढीचा वस्तरा गुंडाळून ठेवायचा, आणि त्याच्या मागे तिने वर्षातून एकदा तो धुऊन, इस्त्री करून, पुन्हा कपाटात ठेवला होता. लग्नानंतर आजीने स्वतः अक्षरं घातलेल्या कापडांतलं एवढं एकच घरात राहिलेलं. सिसने तो टॉवेल चादरीशेजारी पालथा घातला.

डेल्विन भिंग घेऊन बसला. हा माणूस पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवायचा. त्याने गाठी मोजल्या, धाग्यांच्या उड्या पाहिल्या, झुकलेले टाके पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

“डावा हात,” तो शेवटी म्हणाला. “एकच.” मग भिंग खाली न ठेवताच, “सिस, तुझी आजी जर्मनीला कधी गेली म्हणायचीस?”

“अठरा साली. शरदात.”

“अठरा साली लढाई चालू होती. अटलांटिकमध्ये पाणबुड्या होत्या. जर्मनीला बोट कुठली?”

सिसने त्याच्याकडे पाहिलं. शंभर वर्षं! शंभर वर्षं ही साधी गोष्ट एका तरी शहाण्याच्या डोक्यात यायला हवी होती. तिच्या स्वतःच्या, जी उभा जन्म तारखा जुळवत बसली. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, आणि काखेत कळसा घेऊन ती तीस वर्षं जर्मनीला पत्रं लिहीत राहिली.

तिने जनगणनेच्या कागदांची पेटी ओढली. तीस साल. सरकारी शेत. ही यादी तिने वीसदा वाचली होती. बोट खाली सरकत गेलं आणि ज्या ओळीवरून वीसदा पुढे गेलं होतं तिच्यावर थांबलं. ‘फोका अप्टन, स्त्री, वय चाळीस, जन्म जर्मनी, फेफरं, शिवणकाम.’

“फेफरं,” टांटे हळूच म्हणाली. “तेव्हा त्याला वेडच समजायचे गं.”

“तीस साली बाबा अठरा वर्षांचे होते,” सिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कुंपणाशी जाऊन उभी राहिली. टांटेने गवतात खोचलेली काडी तशीच होती. काडीपासून कुंपण चार पावलं, आणि कुंपणाला लागून बापाची ट्रॅक्टर वळवायची जागा. नांगरताना, पेरताना, कापताना, वर्षातून कितीदा, आणि अशी चाळीस वर्षं. नांगराच्या तासाच्या टोकाशी येऊन तो थांबायचा, गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसायचा आणि वळायचा. हजारो वेळा तो तोंड करून आला असेल तो आईच्या दिशेने. सिसला रडू फुटलं. पण ते नुसतं दुःखाचं नव्हतं. एखाद्या मोठ्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर मान आपोआप वर जाते, तसं काहीतरी तिला त्या चार पावलांच्या गवतात होत होतं. ती टाकून गेली नव्हती. घरापासून दोन मैलांवर बसून, ज्यांची नावं कुणी लिहीत नव्हतं त्यांची नावं लिहीत होती, एकामागून एक, त्रेचाळीस. आणि ह्यातलं काही माहीत नसताना बापाने मुलीचा डावा हात आईच्या जागेवर आपल्या हाताने नेऊन ठेवला होता.

त्याच आठवड्यात लोरेन माइंट्‌स निर्णय सांगायला आला. डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, हातात गाडीची किल्ली, म्हणजे बसायचा इरादा नाही. डेल्विनने त्याला टेबलाशी नेलं आणि सगळं सांगितलं, दहावीच्या पोराला सांगावं तसं, पायरी पायरीने. लोरेन ऐकत होता, पण त्याची नजर आपोआप दुसरंच काही करत होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाची नजर त्या चादरीवर तेच करायची. तो आपली अक्षरं शोधत होता.

“एल. एम. १२,” तो म्हणाला. “माझ्या बायकोने ह्याच्यावर बोट ठेवलं होतं. लग्नानंतरची अक्षरं चालतील का म्हणून भांडली होती अल्माबाईंशी.”

“तुझं नाव कुणावरून ठेवलंय?” सिसने विचारलं.

“आजोबांवरून. आणि आजोबांचं त्यांच्या आजोबांवरून. लोरेन्झ. पण ते तर डेन्व्हरकडे गेले. खाणीत. म्हातारपणी डोक्यात काहीतरी घेऊन निघून गेले असं सांगतात.”

“आपल्या जिल्ह्यातली बरीच माणसं कुठे कुठे गेलेली दिसतात,” टांटे म्हणाली. “कुणी डेन्व्हर, कुणी जर्मनी. सगळी पूर्वेच्या कोपऱ्यात सापडतील बघ.”

लोरेनने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून छातीशी धरली. कपाळाचा वरचा भाग, जिथे ऊन कधी लागत नाही, तो लहान मुलासारखा पांढरा होता. हातमोजा न घालता त्याने बारावर बोट टेकवलं. डेल्विनने पुढे केलेला हातमोजा परत खिशात घातला.

“पाती मोडली तर मोडू देत,” लोरेन म्हणाला. “मी सांगतो बोर्डाला. आणि तिथे एक ठोकळा कमी आहे म्हणता ना, तो आम्ही ओतून देऊ.” आणि मग तो बसला. टांटेने त्याला तीन कप पाजले.

तो गेल्यावर तिघं चादरीभोवती राहिली. नवं अस्तर तयार होतं, पण ह्या वेळी मागची बाजू झाकायची नाही, असं ठरलं होतं. कार्ड काय लिहायचं त्यावर डेल्विन सकाळपासून चार कागद फाडून बसला होता. मंडळाचा पहिला नियम त्याने स्वतः दारावर लावला होता: संग्रहातल्या वस्तूला सुई लागणार नाही. आता तो उठला, खिडकीशी गेला, आणि उजेडाकडे हात धरून बराच वेळ काहीतरी खटपट करत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लाल दोरा ओवलेली सुई होती.

“कमिटीचा ठराव?” सिसने विचारलं.

“अध्यक्ष आजारी होते असं लिही.”

सिसने सुई डाव्या हातात घेतली. कोऱ्या चौकोनावर तिने पहिली फुली घातली, वरचा टाका उलट्या बाजूला झुकलेला. एफ. मग यू. मग चार, आणि पुन्हा चार. मागे धागे उड्या मारत गेले.

“मागची बाजू सांभाळ,” डेल्विन सवयीने म्हणाला.

“मागची बाजू घाणच राहू दे. तिच्यासारखी,” सिस म्हणाली, आणि शेवटी चण्याएवढी गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला.

टांटे चादरीवर वाकली. म्हातारीने काठीवरचा हात सोडून त्या ओल्यासारख्या ताज्या लाल अक्षरांवर अख्खा तळवा ठेवला, आणि शंभर वर्षांत जिल्ह्यात कुणी मारली नव्हती ती हाक मारली.

“फोल्का.”

कुणाला हाक मारली, ते सिसला क्षणभर उमगलं नाही. मग दोघींच्या वतीने तिनेच ओ दिली.